हातजाळी

कराडच्या तांबवेकर बाईंच्या जत्रेत देव नसतो, तिकीट नसतं, आणि 'हात लावू नये' अशी पाटी तर औषधालाही सापडत नाही. उलट शाळेच्या फाटकावर बाईंनी रंगवून घेतलेला फलक असतो: 'सगळ्याला हात लावा. मोडलं तर जोडायला शिकवू.' अट एकच. पोराबरोबर घरातलं एक तरी मोठं माणूस आलं पाहिजे, आणि त्या मोठ्या माणसानं कडेला उभं राहून जांभया द्यायच्या नाहीत. त्यानंही बाह्या सरसावायच्या.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? तर काळ लक्षात घ्या. हल्ली पोरांच्या चष्म्यातच आख्खी प्रयोगशाळा मावते. बोट न हलवता रसायनं मिसळतात, रॉकेट उडतं, बेडूक उघडतो आणि परत शिवलाही जातो. कपड्यावर डाग नाही, हाताला वास नाही. अशा दिवसांत वर्षातून एका रविवारी आख्खं गाव लिंबात खिळे खुपसायला आणि केळं कुस्करून त्यातला डीएनए काढायला लोटतं, ते केवळ बाईंच्या धाकानं. निम्म्या गावाचे कान त्यांनी वर्गात पिळलेले आहेत.

त्या रविवारी सकाळी केतकी, म्हणजे बाईंची सून, लिंबं कापत होती आणि तिचा डोळा सारखा घड्याळाकडे जात होता.

कारण जत्रेचा शेवट. दरवर्षी संध्याकाळी बाई मैदानाच्या मधोमध उभ्या राहायच्या, पदर खोचायच्या आणि लाकडी भोवरा हवेत फेकायच्या. जमिनीवर नाही हं. भोवरा हवेत असतानाच त्याच्या दोरीला, जिला आपण जाळी म्हणतो, असा काही हिसडा द्यायच्या की तो उलट फिरून त्यांच्याच तळहातावर येऊन उभा राहायचा आणि गुंऽऽ करत फिरायचा. याला म्हणतात हातजाळी. मग तो गरगरणारा भोवरा तळहातावर धरून बाई फिरत्या वस्तूचं विज्ञान सांगायच्या, आणि शेवटचं वाक्य ठरलेलं: "फिरतंय तोवर पडत नाही. कळलं? आता घरी जा."

दोन वर्षांपूर्वी बाईंना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. आधी परत आली ती जीभ. ("ती कुठली थांबतेय," असं गावात लोक म्हणाले.) मग पाय आला, खांदा आला, कोपर आलं. कोपराच्या पुढे मात्र सगळं सामसूम. मनगट वळेना, बोटं मिटेनात. गेल्या वर्षीची जत्रा राष्ट्रगीतानं संपली आणि लोक खाली मान घालून घरी गेले. तेव्हा बाई चिंचेखाली खुर्चीत बसून होत्या, आणि केतकीनं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा रडताना पाहिलं.

केतकी सून व्हायच्या आधी बाईंची विद्यार्थिनी होती. त्यामुळे सासूला 'आई' म्हणायला तिची जीभ कधी वळलीच नाही. लग्नात पाया पडतानासुद्धा ती "नमस्ते बाई" म्हणाली होती आणि वर्गात उभं राहावं तशी ताठ उभी राहिली होती. नवरा निशांत पवनचक्क्यांवर कामाला, आठवडा आठवडा डोंगरावर. घरात या दोघीच. प्रेम होतं, पण ते शिस्तीतलं.

आणि या शिस्तीत येऊन पडली जोडबाही.

ती आणली इम्तियाज बागवाननं. हाही बाईंचाच चेला, केतकीच्याच वर्गातला, आता पुण्याच्या एका संशोधन संस्थेत मोठा माणूस. त्यानं दिवाणखान्यात दोन पातळ करड्या बाह्या पसरल्या, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत येतील अशा.

"बाई, सोपं आहे," तो म्हणाला. "आपण हात हलवतो म्हणजे मेंदू स्नायूंना विजेचे बारीक बारीक निरोप धाडतो. ही पहिली बाही केतकीच्या हातावर. ती तिचे निरोप वाचते. दुसरी तुमच्या हातावर. ती तेच निरोप तुमच्या स्नायूंना देते. तिनं मूठ मिटली की तुमची मिटेल."

"म्हणजे मी कठपुतळी," बाई म्हणाल्या.

"नाही ना. गंमत पुढेच आहे. तिनं मूठ मिटताना तुम्हीही मनातून मूठ मिटायची. मेंदूनं हुकूम सोडला आणि त्याच क्षणी हात हलला, असं पुन्हा पुन्हा झालं, की मेंदूला वाटतं, अरे, हे तर मीच केलं! मग मोडलेल्या वाटेच्या शेजारून तो नवी वाट पाडतो. फक्त वेळ जुळली पाहिजे. एका सेकंदाच्या दहाव्या भागाचाही उशीर चालत नाही. मेंदू मोठा मानी असतो बाई. उत्तर उशिरा आलं की तो म्हणतो, हे काम माझं नव्हेच."

मग त्यानं केतकीला विचारलं, "तू कामं उजव्या हातानंच करतेस ना?"

समोर बाई बसल्या होत्या. शेजारच्या कुलकर्णी काकू बशीतून चहा पीत होत्या. केतकी "हो" म्हणाली.

खरं सांगायचं तर केतकी डावखुरी होती. पण ते आता तिलाही आठवत नव्हतं. लहानपणी तिनं डाव्या हातानं वाढलं की आजी ताट मागे सारायची. प्रसादाला, हळदीकुंकवाला, पैसे द्यायला डावा हात पुढे झाला की "अगं, तो हात नव्हे!" शाळेत जायच्या आधीच तो हात मागे राहायला शिकला होता. ती उजव्यानं लिहायची, उजव्यानं जेवायची, उजव्यानं पोळ्या लाटायची. लग्न ठरवताना मुलीचं शिक्षण सांगतात, उंची सांगतात, डावखुरेपण कोण सांगतं? ते कपाटामागे पडलेल्या चमच्यासारखं कुठंतरी पडून राहिलं होतं. त्यामुळे केतकीला आपण खोटं बोललो असं वाटलंसुद्धा नाही.

सुरुवातीला घरात नुसता तमाशा. केतकी फोनवर नणंदेशी बोलता बोलता हातवारे करत होती, तर इकडे बाईंचा हात समोर बसलेल्या कुलकर्णी काकूंना "निघा, निघा" अशी खूण करत राहिला. काकू फणकाऱ्यानं उठून गेल्या. केतकीची पाचावर धारण बसली. बाई मात्र म्हणाल्या, "राहू दे गं. हा हात पहिल्यांदाच माझ्या मनातलं बोलला."

त्यानंतर इम्तियाजनं एक पायपट्टी आणून दिली, शिलाई मशीनला असते तशी. केतकीचा पाय पट्टीवर असेल तोवर जोड चालू. पाय उचलला की जोड बंद, दोघींचे हात आपापले. तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ दोघी समोरासमोर बसायच्या. चमचा धरायचा, सोडायचा. शेंगदाणे उचलायचे, ठेवायचे. पडद्यावर दोन रेघा उमटायच्या. वरची केतकीच्या हाताची, ती लाटांसारखी उसळायची. खालची बाईंची, म्हणजे बाहीनं दिलेली वीज वजा करून बाईंच्या स्वतःच्या मेंदूकडून जे काही येईल ते. ती रेघ महिनोन्‌महिने सपाट. पाटीवर पट्टी ठेवून ओढावी तशी.

"हात हलतोय गं," बाई एकदा म्हणाल्या, "पण माझा वाटत नाही. पाहुण्यासारखा वागतो. मी 'बस' म्हटलं तरी उभाच असतो, मग उशिरा बसतो."

आणि बाह्या थोड्या, रुग्ण ढीगभर. नियम असा की मुदतीत ज्याची स्वतःची रेघ एकदाही हलली नाही, त्याच्याकडची बाही पुढच्या रुग्णाला द्यायची. बाईंची मुदत जत्रेच्या रविवारी संपत होती. सोमवारी बाही पुण्याला परत. म्हणजे हाताची आशा संपली.

"मग जाता जाता भोवरा फेकून जाऊ दे त्या बाहीला," बाईंनी जाहीर केलं.

"बाई, सगळ्या गावासमोर?" केतकी घाबरली. अंगणात दोघींनी आठवडाभर प्रयत्न केला होता. केतकीच्या उजव्या हाताला भोवरा येतच नव्हता. तो दगडासारखा खाली आपटायचा, आणि समोर बाईंचाही.

"प्रयोग काय दार लावून करतात? हात दाखवून अवलक्षण झालंच, तर माझं होईल. तू कशाला घाबरतेस?"

तर असा तो रविवार. दुपारपर्यंत मैदान फुलून गेलं. फिरत्या स्टुलावर बसून, हातात सायकलचं गरगरणारं चाक धरून ते तिरकं केलं की माणूस आपोआप फिरतो. तिथं एका पोलीस हवालदाराला त्याच्या लेकीनं इतकं फिरवलं की त्याची टोपी उडाली. इम्तियाजच्या मांडवात लोक हाताला बाही बांधून भल्यामोठ्या पडद्यावर आपापली रेघ नाचवून बघत होते. "ही तुमच्या मेंदूची सही," तो सांगत होता. आज्या आपली सही बघून लाजत होत्या.

केतकी भोवऱ्यांच्या कोपऱ्यात उभी होती. एक गृहस्थ लेकीला घेऊन आले आणि हात मागे बांधून म्हणाले, "आम्ही आपलं बघतो."

"तसं चालत नाही काका. मोठ्यांनीही फेकायचा."

"मग तुम्ही दाखवा की आधी!"

केतकीच्या उजव्या हाताला लिंबाचा रस आणि मक्याच्या पिठाचा चिकटा लागला होता. तिनं तो हात पदराला पुसला, पण चिकटा काही जाईना. मागे रांग वाढत होती. तिनं वैतागून डाव्या हातानं भोवरा उचलला, जाळी गुंडाळली, आणि काही विचार करायच्या आत फेकला.

भोवरा हवेत गेला. हिसडा बसला. दुसऱ्या क्षणी तो तिच्या डाव्या तळहातावर उभा होता, गुंऽऽ करत.

"अगं बाई!" गृहस्थांची लेक ओरडली.

केतकी त्या भोवऱ्याकडे बघतच राहिली. परसात मामेभावांबरोबर खेळलेल्या कितीतरी दुपारी तिच्या अंगात एकदम परत आल्या. मोठ्यांची पाठ वळली की हा हात मोकळा सुटायचा आणि सगळ्या भावांना हरवायचा. तिला हसू आलं. मग एकदम तिला इम्तियाजला दिलेलं ते 'हो' आठवलं.

मागे इम्तियाज उभा होता. हातात अर्धा वडापाव, तोंडात घास, आणि तो घास तिथंच थांबलेला.

"केतकी," तो म्हणाला, "तू डावखुरी आहेस?"

तिनं भोवरा मुठीत लपवला.

"मी तुला विचारलं होतं!"

"तू विचारलंस, 'उजव्या हातानं कामं करतेस ना?' करतेच की मी!"

इम्तियाजनं कपाळावर हात मारला. "तुझ्या रेघेत दरवेळी सुरुवातीला एक बारीक अडखळ यायची. मला वाटलं, यंत्राची खरखर आहे. मी ती गाळून टाकली. गाढव मी! तुझा उजवा हात मनातल्या मनात भाषांतर करून बोलतो, केतकी. आधी डाव्याचं ऐकतो, मग स्वतः हलतो. तेवढ्यात उशीर होतो. बाईंचा मेंदू हुकूम सोडून वाट बघतो, आणि उत्तर येतं तेव्हा गाडी निघून गेलेली असते."

"म्हणजे इतके महिने... माझ्यामुळे..."

"ते सोड. डाव्या हाताला बाही बांधली आणि निरोप आरशासारखे उलटवले, डाव्याचे उजव्याला, तर? बाही तुला ओळखते. जत्रा संपायच्या आत होईल. पण बाईंना सांगावं लागेल."

केतकीला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. दोन वर्षं ज्या बाईनं एका हातानं केस विंचरले, एका हातानं पातळ नेसायचा हट्ट धरला, तिची शेवटची संधी आपल्या एका 'हो'नं घालवली. आणि हे जाऊन तिलाच सांगायचं! पण सांगितलं नाही तर सोमवारी बाही जाणार होती. ती बाईंच्या चिंचेखालच्या खुर्चीकडे चालू लागली.

"बाई, मी डावखुरी आहे."

बाईंनी चष्मा वर केला. "कधीपासून?"

"जन्मापासून."

मग तिनं सगळं सांगून टाकलं. इम्तियाज मध्ये मध्ये विज्ञानाची भर घालत होता. बाई ऐकत होत्या. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला.

"मग त्या दिवशी 'हो' कशाला म्हणालीस?"

"तुम्ही समोर होतात."

"मी काय खाल्लं असतं तुला?"

"काकूही होत्या."

"त्यांना मी खाल्लं असतं!" बाई कडाडल्या. मग त्यांनी चष्मा सारखा केला. "दाखव तो हात."

केतकीनं हात पुढे केला. बाईंनी आपल्या चांगल्या हातानं, म्हणजे डाव्यानंच, तो धरला. तळहातावर भोवऱ्याच्या खिळ्याचा, म्हणजे आरेचा, लाल ठिपका उमटला होता.

"तुमचे इतके महिने वाया घालवले मी," केतकीला रडू फुटलं. "माफ करा बाई."

"वाया काय वाया? कुठल्या वाटेनं जायचं नाही ते कळलं. आणि एका घरात राहून मला तुझा हात दिसला नाही, त्याचं काय?" बाईंचा आवाज किंचित ओला झाला, पण लगेच त्यांनी तो झटकला. "बस. रडायचं ते सोमवारी. इम्तियाज, बघत काय बसलास? उलटव ती बाही!"

संध्याकाळी मैदानाच्या मधोमध मोकळं रिंगण झालं. भोवती पोरंसोरं, त्यांचे आईबाप, आजीआजोबा. शाळेच्या भिंतीवर मोठा पडदा, त्यावर दोन रेघा. बाई स्टुलावर न बसता उभ्या राहिल्या. समोर केतकी, डाव्या हातावर करडी बाही, उजवा पाय पट्टीवर.

"डाव्या हातानं?" पुढच्या रांगेतले एक निवृत्त सर शेजाऱ्याला म्हणाले. "शुभ कामाला?"

"हो, डाव्या," बाई मोठ्यानं म्हणाल्या. "सर, तुमचं हृदय कुठल्या बाजूला आहे?"

मैदान हसलं. सरही हसले, आणि नकळत त्यांनी छातीवर हात ठेवला.

केतकीनं दोन भोवऱ्यांना जाळी गुंडाळली, एक आपल्यासाठी, एक बाईंसाठी. तिनं बोटं मिटली, समोर बाईंची बोटं त्यांच्या भोवऱ्यावर मिटली. बाई मोजू लागल्या, "एक, दोन, तीन!"

दोन हात एकदम उठले. केतकीचा भोवरा हवेत गेला. बाईंचा मात्र हातातून सुटताच कोलमडला, तिरका जाऊन आपटला आणि एका आजोबांच्या चपलेला जाऊन लागला. तो बघण्याच्या नादात केतकीचाही खाली पडला.

"अरेरे..." गर्दीतून आवाज उठला. कुणीतरी समजूतदारपणे टाळ्या वाजवायला सुरुवात केली. केतकीला त्या टाळ्या थपडांसारख्या लागल्या. पडद्यावर खालची रेघ सपाटच होती.

बाईंनी टाळ्यांकडे लक्षच दिलं नाही. त्या जमिनीवर पडलेल्या जाळीकडे, तिला पडलेल्या पिळाकडे बघत होत्या.

"केतकी, माझा भोवरा कुणी गुंडाळला?"

"मी, बाई."

"कसा?"

"नेहमीसारखा."

"तुझ्या नेहमीसारखा! डावखुऱ्याचा! आरशात हात उलटला, मग जाळी सरळ कशी राहील? सातवीत आरसा शिकवला होता की नाही मी?"

"शिकवला होता, बाई."

"आणि मार्क?"

केतकीनं खाली मान घातली. आख्खं मैदान खदखदून हसलं, आणि काय सांगावं, तीही हसली. सकाळपासूनची धास्ती त्या हसण्यानं कुठल्या कुठं गेली.

बाई स्टुलावर बसल्या. भोवरा दोन गुडघ्यांत घट्ट धरला आणि डाव्या हातानं जाळी गुंडाळू लागल्या, उजव्या हाताच्या माणसाला हवी तशी. एका हातानं ते काम म्हणजे महाकर्मकठीण. दोनदा जाळी सुटली. मदतीला कुणी पुढे आलं नाही, कारण यायची कुणाची छाती नव्हती. तिसऱ्यांदा वेढे एकावर एक नीट बसले. बाई उठल्या.

"इम्तियाज, तुझं यंत्र तयार?"

"तयार, बाई."

"केतकी, तू तयार?"

"हो बाई," ती म्हणाली, आणि हे 'हो' पूर्ण खरं होतं.

"एक. दोन. तीन!"

या वेळी मधे फटच नव्हती. केतकीला ते दंडातच जाणवलं. दोन हात नव्हतेच, एकच हात आरशाच्या दोन्ही बाजूंनी उठला होता. समोरून बाईंचा आवाज आला, "अगंऽ!" दोन्ही भोवरे हवेत गेले, दोन्ही जाळ्यांना हिसडा बसला, दोन्ही भोवरे मागे वळले.

केतकीचा तिच्या तळहाताच्या कडेला लागला आणि निसटला. उड्या घेत तो थेट पहिल्या रांगेतल्या बारक्या पोरांकडे निघाला, आर वर करून. केतकीनं पुढचा मागचा विचार केला नाही. ती धावली, वाकली, आणि एका पोराच्या पायाशी तिनं तो पकडला.

मागे मैदान एकदम गप्प झालं. आणि त्या शांततेत एक आवाज येत होता, गुंऽऽ.

ती वळली. बाईंच्या उजव्या तळहातावर भोवरा उभा होता.

"केतकी, हलू नकोस!" बाई ओरडल्या. नजर भोवऱ्यावरून हटत नव्हती. "असाच धर हात! जरा डावीकडे... हां, असाच! आता बरोबर धरलास!"

भोवरा तळहातावर सरकला की तळहात किंचित त्याच्यामागे कलत होता. कडेला निघाला की बोटं जराशी वर होत होती आणि त्याला परत मध्ये आणत होती. भोवऱ्याचं वजन, त्याची गुदगुली, त्याचा झोक हे सारं ज्याच्या तळहातावर तो आहे त्यालाच कळतं. दुसऱ्या कुणाला कसं कळणार?

केतकीनं पायपट्टीकडे पाहिलं. ती रिंगणाच्या मधोमध धुळीत एकटीच पडली होती.

मग तिनं भिंतीकडे पाहिलं. गर्दीही तिकडेच बघत होती. त्या रेघांचा अर्थ सकाळपासून पोराटोरांनाही पाठ झाला होता. वरची रेघ, केतकीची, जोड सुटल्यामुळे सपाट होती. खालची नाचत होती. इम्तियाज दोन्ही हात डोक्याला लावून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"बाई," केतकीनं हाक मारली.

"बोलू नकोस! लक्ष हातावर ठेव!"

"बाई, माझा पाय पट्टीवर नाहीये."

"काय?"

"मी केव्हाच सोडून आलेय. तो हात मी धरला नाही, बाई. तुम्ही धरलाय."

बाईंनी मान वर केली. समोर केतकी, दहा पावलं लांब, गुडघ्यांवर, दोन्ही हातांत स्वतःचा भोवरा छातीशी धरलेला. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं, आणि मग आपल्या हाताकडे पाहिलं. परगावाहून खूप दिवसांनी आलेल्या लेकराला आई न्याहाळते तसं पाहिलं.

"माझा आहे," त्या पुटपुटल्या. "अरे, माझाच आहे की हा!"

आणि मग जो काही आरडाओरडा झाला तो नदीपलीकडे ऐकू गेला असेल. हवालदारानं टोपी उडवली. निवृत्त सर खुर्चीवर चढून टाळ्या पिटत होते. कुलकर्णी काकू शेजारणीच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि म्हणत होत्या, "मला हाकललं होतं हो याच हातानं!"

बाईंनी डावा हात वर केला. सगळे गप्प झाले. सवयच होती ती.

"फिरतंय..." त्यांचा आवाज फुटला. "फिरतंय तोवर पडत नाही. कळलं?"

"कळलं, बाई!" आख्खं मैदान ओरडलं.

भोवरा मंदावला होता. तो डुलू लागला, एका अंगाला झुकला. तो पडायच्या आत बाईंची बोटं हळूहळू, थरथरत, एकामागून एक मिटली आणि त्यांनी त्याला मुठीत घेतलं. पडद्यावरची खालची रेघ उंच उसळली.

आता 'घरी जा' येणार म्हणून लोक चपला शोधू लागले. पोरांनी पिशव्या उचलल्या.

"कुठं निघालात?" बाई गरजल्या. "आज कुणी घरी जायचं नाही!"

त्यांनी मूठ पुढे केली आणि भोवरा जवळ आलेल्या केतकीच्या डाव्या हातावर ठेवला.

"गुंडाळ. माझ्यासाठी गुंडाळतेयस, लक्षात ठेव. या वेळी मार्क देणार आहे मी."